मार्था मरत नाही

मुलाणी मॅडमना कुणी काहीही सांगितलं तरी त्या एकच विचारायच्या, "कुठल्या पानावर?"

वर्गात कादंबरी चालू असताना विचारलं तर ते ठीक. पण शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, उद्या सुट्टी हाय म्हणत्यात," तरी त्यांचा प्रश्न तोच. मग तो बिचारा ऑफिसात जाऊन नोटीस घेऊन यायचा. आमच्या वर्गात पवार म्हणून एक मुलगा होता, विट्याचाच. त्याच्या चुलत्यांची तमिळनाडूत गलाईची, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायची दुकानं. शिकून झालं की तोही तिकडंच जाणार हे ठरलेलं, त्यामुळं त्याला कशाची भीती नव्हती. एकदा तो अर्धा तास उशिरा आला आणि म्हणाला, "एस्टी चुकली, मॅडम." मॅडमनी फळ्याकडून मान न वळवता म्हटलं, "तुझं घर कॉलेजच्या मागच्या गल्लीत आहे. त्यात एस्टी कुठल्या पानावर आली?"

सगळा वर्ग हसला. वर्ग म्हणजे आम्ही मोजकीच मुलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी स्पेशल घेणारे आमच्या कॉलेजात फार नसतात. मी ते का घेतलं याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आबांची मेंढरं आहेत, गाव माण तालुक्यात. दिवाळी झाली की घरचे मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरतात, आणि मी विट्याच्या हॉस्टेलात राहायची. कुणीतरी म्हणालं, इंग्रजी घेतलंस तर बी.एड. होऊन लगेच शिक्षिका होशील. मी घेतलं. बी.ए. पास होणं, मग बी.एड., एवढाच रस्ता मला दिसत होता, आणि तो मुलाणी मॅडमच्या पेपरमधून जात होता.

मॅडम ठेंगण्या, वय पन्नाशीच्या पुढं. सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा. खडूनं बोटांना भेगा पडायच्या म्हणून त्या खडूला वहीच्या कागदाचा कपडा घालून धरायच्या. घर मिरजेला. आठवडाभर विट्यात एका खोलीत राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या गाडीनं जायच्या. इतकी वर्षं शिकवूनही त्या तासिका तत्त्वावरच होत्या. दर जूनला नव्यानं मुलाखत द्यायच्या, त्यांच्याच हाताखाली शिकून कायम झालेल्या सरांसमोर. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, शिपायानं सांगितलं.

त्यांच्या पिशवीत ती कादंबरी असायची. आमच्या अभ्यासक्रमाला लावलेली, इंग्लंडातली फार जुनी. तिची गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मार्था नावाची मुलगी. बाप एका आडरस्त्यावरच्या जकात नाक्याचा नाकेदार. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी फाटक उघडायचं आणि लावायचं, हे काम मार्था लहानपणापासून करते. सगळं जग तिच्या हातानं फाटकातून जातं आणि ती मात्र तिथंच. पुढं बाप मरतो, ती तापानं फणफणते, बाहेर बर्फ पडतो आणि ती बर्फात जाऊन आडवी होते.

गाईडात गोष्ट इथंच संपते. 'अशा प्रकारे मार्थाचा करुण अंत होतो.' आमच्याकडं सगळे गाईडच वाचतात. आमच्या आधीची मुलं तेच वाचून पास झाली आणि त्यांतले काही आता शिकवतातही. गाईड बारीक असतं, त्यात प्रश्न असतात, उत्तरं असतात, मागं साहित्यातल्या संज्ञांच्या व्याख्या असतात. आम्ही व्याख्या पाठ करून गेलो होतो. पहिल्याच उजळणीला मॅडमनी विचारलं, "सिम्बॉल म्हणजे काय?" मी उभी राहून घडाघडा म्हणून दाखवलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"बरं. आता कादंबरीतला एक सांग."

"बर्फ. मृत्यूचं प्रतीक."

"कुणाच्या मृत्यूचं?"

"मार्थाच्या."

"कुठल्या पानावर मेली ती?"

मी गाईडाचं पान सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागल्या. पुढं आम्हाला कळलं की त्यांना फार राग आला की त्या चष्मा पुसतात. पुसून झालं तरी पुसत राहतात, आणि तोवर वर्गात कुणी बोलायचं नाही.

"मार्था मरत नाही," त्या म्हणाल्या. "बर्फात झोपते ते तापातलं स्वप्न आहे. त्यापुढं दोन प्रकरणं आहेत. ज्यानं हे गाईड लिहिलं तो माणूस ती दोन प्रकरणं यायच्या आधीच झोपला."

पवार मागून म्हणाला, "मॅडम, पण यूट्यूबवर बी मरती. पाठीमागं सनई लावलीया."

"त्यानं गाईड वाचलंय."

"मोबाईलला बी विचारलं. आधी म्हणला मरते. म्या म्हणलं, नक्की का? तर माफी मागून म्हणतोय जगते. परत विचारलं, नक्की का? तर परत मारली."

मॅडमसुद्धा हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाईड वर्गात आणायला बंदी केली. लायब्ररीत कादंबरीची एकच प्रत होती आणि ती बाइंडिंगला गेलेली. मग आम्ही मॅडमच्या प्रतीवरून झेरॉक्स काढली. दुकानदारानं स्पायरल घालून दिली आणि विचारलं, "हे काय, नवीन गाईड का?"

इथून आमचे हाल सुरू झाले. इतर विषयांचे सर नोट्स द्यायचे, आम्ही लिहून घ्यायचो. मॅडम नोट्स देत नसत. रोज एक-दोन पानं वाचायच्या, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबायच्या आणि प्रश्न विचारायच्या. मला एका पानात दहा शब्द अडायचे. रात्री हॉस्टेलात शब्दकोश घेऊन बसायचं आणि सकाळी त्या विचारणार, 'हे कोण सांगतंय? मार्था सांगतेय की लेखक सांगतोय? तुला कसं कळलं?' मला कळलेलं नसायचंच. बर्फ आमच्यातल्या कुणी पाहिलेला नव्हता. पाटणकडची एक मुलगी होती, ती म्हणाली, "आमच्याकडं धुकं असतं तसं असंल." पवार म्हणाला, "गारेगार पसरल्यागत." मॅडम म्हणाल्या, "मीही नाही पाहिला. म्हणून तर वाचायचं."

एकदा 'फोरशॅडोइंग' चाललं होतं, म्हणजे पुढं घडणाऱ्या गोष्टीची आधी पडलेली चाहूल. गाईडाची व्याख्या सोडून स्वतःचं उदाहरण द्या म्हणाल्या. मी कसंबसं बोलले. आमच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरं बसवतात त्या ठिकाणी, लांडगा यायच्या आधी कुत्री भुंकायची थांबतात. भुंकतात तोवर आबा निवांत असतात, गप्प झाली की काठी घेऊन उठतात. मला वाटलं, ही गोष्ट सांगितली म्हणजे मी काहीतरी मोठं केलं.

मॅडम दोन पावलं माझ्याकडं आल्या. "छान. फार छान. आता कादंबरीत असं कुठं गप्प होतं?"

मला रडू यायचं बाकी होतं. मनात म्हटलं, या बाईला काहीच पुरत नाही. माझ्या घरातलं काढून दिलं, तरी हिला पान पाहिजे. मी खाली बसले आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही. पण त्या रात्री झेरॉक्स उघडली. बाप मरायच्या आधीचं प्रकरण पुन्हा वाचलं. नाक्यावरची घंटा, जी प्रत्येक गाडीला वाजते, ती त्या दिवशी एकदाही वाजत नाही. मी ती ओळ आधी दोनदा वाचून पुढं गेले होते. सकाळी वर्गात पान सांगितलं, तर मॅडमनी चष्म्याला हात न लावता नुसती मान हलवली आणि पुढं वाचायला लागल्या. शाबासकी नाही, काही नाही. तरी त्या दिवशी मी मेसमध्ये दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

जानेवारीत आबा कॉलेजला आले. मेंढरं पलूसकडं बसली होती, तिथून. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा बोलता बोलता सांगितलं होतं की मॅडम नोट्स देत नाहीत आणि गाईड चालत नाही. त्यांनी तेवढं धरून ठेवलं होतं. पटका बांधून, खांद्यावर घोंगडं घेऊन ते स्टाफरूमच्या दारात उभे. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

"आवं बाई," आबा म्हणाले, "ती पोरगी मेली न्हाई आसं तुमी म्हणता म्हनं."

"नाही मेली," मॅडम म्हणाल्या. "बसा ना."

"बसत न्हाई, मेंढरं सोडून आलूया. माझं येवढंच म्हणनं हाय, ती मेली काय आन् जगली काय, माझी पोरगी पास व्हाया पायजे. परीक्षेवाल्यास्नी ती मेलेली पायजे आसंल तर आपुन कशाला आडवं लागायचं?"

मॅडम चष्मा पुसायला लागल्या. मी घाबरले. पण त्या चिडल्या नव्हत्या. पुसता पुसताच म्हणाल्या, "दादा, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मी वर्गात उभं राहून ती मेली असं कसं सांगू? मी वाचलंय ना."

"मग इतर मास्तरांनी न्हाई वाचलं?"

मॅडमनी शिपायाला चहा सांगितला. आबांनी तो उभ्यानंच प्याला, आणि जाताना मला फाटकापाशी म्हणाले, "बाई चांगली हाय. पर हिच्या नादानं तू बुडशील."

परीक्षा जवळ आली तसा वर्गाचा धीर सुटला. शेवटच्या तासाला पवार उभाच राहिला. "मॅडम, एकदाच काय ते सांगून टाका. मारायची का जगवायची?"

"मला काय विचारतोस? पुस्तक आहे ना."

"पुस्तक पेपर तपासत न्हाई, मॅडम. मी बोलत न्हाई, वर्ग बोलतोय. आमचं वरीस जाईल."

"परीक्षेत काय लिहायचं ते मी कधी सांगत नाही. काय लिहिलंस तेही विचारणार नाही."

"मग तुमचा उपेग काय?" हे पवार बोलून गेला आणि लगेच "सॉरी" म्हणाला. मॅडमनी हातातला खडू टेबलावर ठेवला, त्याचा कागद काढून घडी घालून पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, "तोच विचार मीही करते, गड्या." आणि उरलेलं पान वाचून तास संपवला. बाहेर आल्यावर पवार म्हणाला, "सोपं होतं राव. येका शब्दाचं काम होतं." मलाही तसंच वाटत होतं. अजूनही कधी कधी वाटतं. एक शब्द त्यांनी बोलायला हवा होता. आमच्यावर सोडून त्या स्वतः सुटल्या, असं मनात येऊन मी त्या रात्री त्यांच्यावर फार चिडले होते.

पेपरात प्रश्न आला तो असा: मार्थाच्या मृत्यूमुळे कादंबरीला शोकात्म उंची कशी मिळते ते स्पष्ट करा. प्रश्नातच ती मेलेली होती. माझ्या पुढच्या बाकावर पवारचं पेन भराभर चालू झालं. गाईडातलं उत्तर मला अजून पाठ होतं, सुरुवातीला पाठ केलेलं विसरत नाही. आबांचं बोलणं आठवत होतं. पण हात पहिल्या ओळीवर ठेवला तर तिथं दुसरं काही येईचना. मी लिहिलं, मार्था डझ नॉट डाय. मग दोन्ही प्रकरणांत काय आहे ते माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, पानांसकट. धाडस वगैरे काही नव्हतं. खोटं लिहायला जेवढी सफाई लागते तेवढी माझ्याकडं नव्हती, एवढंच मला वाटतं.

निकालात पवार पास, पाटणची मुलगी पास. माझा तोच एक पेपर राहिला. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली तर त्या प्रश्नाला शून्य, आणि मार्था डझ नॉट डायच्या खाली लाल रेघ. समासात एवढंच लिहिलेलं: कादंबरी वाचलेली दिसत नाही.

मी ते मॅडमना दाखवलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता चष्मा निघेल. तो निघाला नाही. कादंबरी पिशवीत घालून त्या दुसऱ्याच दिवशी विद्यापीठात गेल्या. मीही बरोबर होते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवत होते. शेवटी एक साहेब भेटले, सभ्य होते, त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, "मॅडम, मॉडेल आन्सरमध्ये मृत्यू आहे. तपासणारा मॉडेल आन्सर बघूनच मार्क देणार."

"मॉडेल आन्सर कशावरून काढलं?"

"ते आता मी कसं सांगणार?"

"कादंबरी आहे का इथं कुणाकडं?"

साहेबांनी आजूबाजूला विचारलं. कादंबरी कुणाकडं नव्हती. एका टेबलाच्या खणात गाईड निघालं. मॅडमनी आपली प्रत त्यांच्यासमोर उघडून ठेवली, बोट ठेवून दाखवलं. साहेबांनी वाकून पाहिलं, मान डोलावली, खरंच की, म्हणाले. "पण आता तुमचं मान्य केलं तर इतकी वर्षं जे पास झाले त्यांचं काय करायचं?" आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरायला सांगितला. त्याचं उत्तर आलं: बदल नाही.

परतीच्या एस्टीत मॅडम खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. पुढच्या जूनला त्यांना मुलाखतीला बोलावलं नाही. निकाल खाली आला असं कारण दिलं म्हणे. मी वर्षभर गावाला आणि हॉस्टेलला जाऊन-येऊन राहिले. आबा काही बोलत नाहीत, आणि ते बोलत नाहीत हेच मला सोसत नाही.

परवा मी मिरजेला गेले होते. हॉल तिकीट आलंय, सोमवारी तोच पेपर पुन्हा आहे. मॅडमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्याचं कळलं होतं. त्यांच्या भावाचं तंबोरे बनवायचं दुकान आहे, घर त्याच्या मागं. दारात वाळलेले मोठे भोपळे रचलेले. भाऊ तार जुळवत होते. बोटानं छेडायचे, ऐकायचे, पुन्हा छेडायचे. त्यांनी मानेनंच आत जा म्हटलं.

मॅडम खाटेवर बसल्या होत्या, काळा चष्मा लावून. फार बारीक झाल्यासारख्या वाटल्या. वाचायला महिनाभर बंदी होती. त्यांची पिशवी खुंटीला टांगलेली. मी पाया पडले तर आवाजावरून ओळखलं. "येडगे ना? पेपर कधी?"

"सोमवारी."

"काय लिहिणार?"

हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कुणा विद्यार्थ्याला विचारला नसेल. त्यांनी सवयीनं चष्म्याकडं हात नेला आणि तो काढायचा नाही हे आठवून खाली घेतला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "मारून टाक तिला. गाईडात आहे तसं लिही आणि पास हो. तुझे आबा बरोबर बोलले होते. तेव्हाच मी सांगायला हवं होतं."

मी किती तरी दिवस हीच वाट बघत होते. पवारनं मागितलेला तो एक शब्द आता मला एकटीला मिळाला होता. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला राग आला, त्या साहेबांचा, गाईडाचा, आणि मॅडमचा सगळ्यात जास्त. मी विचार न करता बोलले,

"कुठल्या पानावर, मॅडम?"

बाहेर तार छेडल्याचा आवाज आला आणि थांबला. मॅडम हलल्या नाहीत. काळ्या काचांमागं काय चाललंय ते दिसत नव्हतं. मला वाटलं, आपण फार आगाऊपणा केला.

"शेवटून दुसरं पान," मॅडम म्हणाल्या. "फाटक उघडून ती बाहेर पडते तिथं. काढ पुस्तक."

मी खुंटीवरची पिशवी उतरवली. पुस्तक त्या पानावर आपोआप उघडलं. मी वाचायला लागले. घाई झाली होती, शब्द एकमेकांवर पडत होते.

"हळू," मॅडम समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाल्या. "तिथं स्वल्पविराम आहे."